सरूबाई या घरात राहत नाही

११ नोव्हेंबर १९५६, रविवार

आप्पासाहेब घरी येऊन गेले. वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत यंदा एक व्याख्यान माझे. तारीख ९ डिसेंबर. विषय अध्यक्ष या नात्याने त्यांनीच ठरवून आणला होता, चिठ्ठीवर लिहून: 'स्त्री-स्वातंत्र्याचे नाव बदनाम का झाले?'

मलाच का, असे विचारले. म्हणाले, "मास्तर, या बाबतीत बारामतीत तुमच्याइतका स्वच्छ माणूस दुसरा कोण हाय?" बोलताना ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. आतला भांड्यांचा आवाज त्याच वेळी थांबला. दोन्ही गोष्टी नोंदवून ठेवतो.

या विषयावर बोलायला मी लायक आहे का? स्वतःला कठोरपणे तपासले. लग्नात हुंडा घेतला नाही. (सासऱ्यांनी बैलजोडी दिली, ती त्यांची हौस.) सुमतीला वर्तमानपत्र वाचायची पूर्ण मोकळीक आहे, माझे वाचून झाले की. दर गुरुवारी तीन ते पाच महिला मंडळात जायची परवानगी मी न मागता दिली. तिचे माहेरचे नाव अगदीच गावठी होते, म्हणून कॉलेजच्या वसतिगृहात तीन महिने विचार करून सुमती हे नाव मी स्वतः ठरवले. बायकोच्या नावाचा एवढा विचार किती नवरे करतात? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ते लिहिताना माझा हात जराही थरथरला नव्हता.

निष्कर्ष: लायक आहे.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाच ते सात लेखन. चहा न घेता.

१२ नोव्हेंबर

उठलो सव्वासातला. सुमतीने हाक मारली नाही. विचारले तर म्हणाली, "माणसानं स्वतःच्या जबाबदारीवर उठावं, असं तुम्हीच म्हणता ना?" हे मी नववीच्या वर्गात म्हणतो. हिच्यापर्यंत कसे पोचले?

चहा घेतला.

कारण पहिले: पुरुषांनी दिलेले विचार स्त्रिया पुरुषांवरच वापरतात.

१४ नोव्हेंबर, दुपार

कन्हेरीचा जोतीराम आला होता. माझा शाळासोबती, आता ऊसवाला बागाईतदार. खुर्चीत बसायच्या आतच म्हणाला, "मास्तर, लेकींला वाटा देणारा तुमचा नवा कायदा आला न्हवं? तुमच्या सासुरवाडीला आग लागली बघा!"

अंथुर्ण्यात कोणी सरूबाई म्हणून आहे. बाप वारला. मळ्यावर भावाचे नाव लागायचे, तर हिने तलाठ्याकडे हरकतीचा अर्ज दिला.

"पाटपाण्याखालचा मळा," जोतीराम म्हणाला. "भाऊ बिचारा मुकाट राबणारा. अन् ही म्हणती, माझंबी नाव लावा."

मी विचारले, कोणाची कोण?

"ते काय ठावं न्हाय. सरूबाई एवढंच कानावर आलं. पर मास्तर, ही बातमी ऐकल्यापास्नं माझी भन माझ्याशी लई गोड बोलाया लागलीया. मला तर भ्या वाटतंया."

हेच उदाहरण हवे होते! समान हक्कांसारखी थोर कल्पना अशा एखाद्या लोभी बाईच्या हाती पडते आणि मातीत जाते. 'सरूबाई-प्रवृत्ती' असा शब्द सुचला. दोनदा अधोरेखित केला.

आमच्या घरचे उदाहरण याच्या नेमके उलटे, तेही घ्यावे म्हणतो. सासरे ऑगस्टमध्ये गेले. तेराव्याला मेहुणे सावळाराम यांनी हक्कसोडीची गोष्ट काढली. मी चारचौघांत शब्द दिला की आमचे काही मागणे नाही, सुमती हक्क सोडल्याची सही करील. ओसरीवरचे सगळे म्हणाले, शिकलेला जावई असावा तर असा. ही तेव्हा आत होती. सही तेवढी राहिली आहे. आधी पितृपक्ष होता, मग नवरात्र, मग दिवाळी, मग टाकाला निब नव्हते. निब मी काल आणले.

१६ नोव्हेंबर

पहाटेचे लेखन अजून सुरू झालेले नाही. थंडी. पण संध्याकाळी चार पाने झाली आणि ती सुमतीला वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. 'सरूबाई-प्रवृत्ती' आली तेव्हा तिचा हात थांबला. परिणाम होतो आहे.

मी विचारले, तुमच्या गावची ही सरूबाई तुला ठाऊक आहे का?

मेथीची पुढची काडी उचलत म्हणाली, "होती एक. लहानपणी मी जाईन तिथं असायची."

स्वभावाने कशी?

"गरीब. कुणी काही बोललं तर ऐकून घ्यायची."

मग अशी बिघडली कशाने?

"लग्न झालं तिचं."

नवरा वाईट निघाला का?

"छे हो. शिकलेला आहे. फार हौशी आहे म्हणतात."

मी हे सगळे टिपून घेतले. शेवटी समजावले की असल्या बाईशी संबंध ठेवणे बरे नव्हे. ती म्हणाली, "तोडायचा प्रयत्न केला मी. बावीस वर्षं केला. जमत नाही."

म्हणजे संबंध आहे! कुठे भेटतात? दर गुरुवारी तीन ते पाच महिला मंडळात काय चालते याची मी कधी चौकशी केलेली नाही. विश्वास टाकला होता.

कारण दुसरे: संगत.

१८ नोव्हेंबर, रविवार

मनाला टोचणी लागली. एका अनोळखी बाईला ऐकीव माहितीवर दोषी ठरवणे न्यायाचे नाही. म्हणून सावळारामांना कार्ड टाकले. तुमच्या गावच्या सरूबाईची पुढील माहिती कळवावी: वय, स्वभाव, शिक्षण, नवरा काय करतो, त्याचे तिच्यावर वजन का नाही.

पुरावा येईपर्यंत तिचे नाव व्याख्यानात एकदाच घ्यायचे ठरवले. आतापर्यंतचा मसुदा मोजला. अकरा वेळा आले आहे.

२२ नोव्हेंबर

सावळारामांचे उत्तर आले. जसेच्या तसे उतरवतो:

"दाजींस सावळारामचा रामराम. चेष्टा पुरी करा. वय अडतीस. स्वभाव तुमाला ठावं. शिक्षन मराठी चार. नवरा मास्तर हाय. त्याचं वजन असतं तर असं झालं नसतं, न्हायतर हे सगळं त्याच्याच डोक्यातनं आलं असंल, असं हितं लोक बोलत्यात. मी बोलत न्हाय. सहीचं तेवढं लवकर बघावं."

चेष्टा कसली, ते कळले नाही. पण नवरा मास्तर! माझ्याच पेशातला माणूस बायकोला पुढे करून मेहुण्याच्या मळ्यावर डोळा ठेवतो. दिवसभर वर्गात लक्ष लागले नाही.

कारण तिसरे: सुशिक्षित पुरुषांचा ढोंगीपणा. (हे व्याख्यानात घ्यावे की नाही? श्रोत्यांत मास्तर बरेच असतील.)

आज गुरुवार. ही मंडळातून पाच वाजून वीस मिनिटांनी आली. वीस मिनिटे.

२५ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस गुप्तपणे चौकशी केली. गावात लहानमोठे मिळून सव्वीस मास्तर. त्यांतल्या प्रत्येकाची सासुरवाडी कोणती ते काढले. ड्रॉइंग मास्तरांनी विचारले, "हे काय नवीन?" मी संशोधन असे सांगितले. अंथुर्ण्याची बायको असलेला मास्तर मी सोडून एकही नाही.

म्हणजे इसम बारामतीचा नाही. सुप्याकडचा असावा. तिकडे शेती कोरडवाहू, माणसाला रिकामा वेळ फार.

निब तसेच पडून आहे. सुमतीला आठवण केली. म्हणाली, "सही करायला नाव ठरायला हवं आधी." उगाच काहीतरी बोलते हल्ली.

२८ नोव्हेंबर, सकाळ

महत्त्वाचा प्रसंग. नीट लिहितो.

नऊच्या सुमारास आरशासमोर उभा राहून व्याख्यानाचा सराव करत होतो. सुमती बाजारात गेली होती. दारात चावडीचा माणूस. हातात घडी घातलेला सरकारी कागद.

"सरूबाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

सगळे लख्ख दिसले. त्या बाईने माझ्या घरचा पत्ता दिला आहे! माझ्या व्याख्यानाचा सुगावा लागला, म्हणून मलाच प्रकरणात गुंतवायचा डाव. तो माणूस कागद पुढे करत होता. मी दोन्ही हात मागे घेतले. असला कागद हातात घेतला की माणूस अडकतो.

"घ्या की मास्तर. सही करा, मला अजून मेखळीला जायचं हाय."

मी त्याला ओट्यावर कागद पालथा धरायला लावला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्या निबाने, वळणदार अक्षरात लिहून दिले: 'सरूबाई नावाची बाई या घरात राहत नाही. पूर्वीही कधी राहत नव्हती.' खाली सही, पुढे बी.ए.

त्याने वाचले. माझ्या तोंडाकडे पाहिले. म्हणाला, "बघा बरं मास्तर. एकदा लिवलेलं ऱ्हातं." मी म्हटले, हे मी मुलांना वीस वर्षे शिकवतो आहे.

सुमती आल्यावर माझे प्रसंगावधान तिला सांगितले. तिने पिशवी सावकाश खाली ठेवली.

"तारीख कुठली होती त्याच्यावर?"

पाहिली नाही, म्हटले.

"पाहिली नाही," ती म्हणाली, आणि आल्या पावली परत बाहेर गेली. मला वाटले कांदे राहिले असतील. एक तासाने आली. कांदे नव्हते.

२९ नोव्हेंबर, सकाळ

सुमतीने चहा दिला आणि समोरच्या खुर्चीवर बसली. एरवी दाराशी उभी राहते.

म्हणाली, "सरूबाई मी."

मी म्हणालो, तुझे नाव सुमती.

"सोळाव्या वर्षी झालं. त्याआधी सोळा वर्षं मी काय बिननावाची होते?"

मी आठवून पाहिले. माहेरी सगळे हिला आक्का म्हणतात. सासरे 'बाय' म्हणायचे. शेजारी मास्तरीणबाई. जुने नाव मला आठवायला हवे होते हे खरे. मी विचारले, मग तू मला सांगितले का नाहीस?

"सांगितलं की. तुम्ही वहीत लिहून घेत होता."

मग ती एका दमात बोलली. आवाज चढवला नाही. तेराव्याला तलाठ्याने ओसरीवर विचारले, लेकी किती? कोणीतरी म्हणाले, लेकी न्हाईत, एकच ल्योक. ती आत पाने वाढत होती. "वाटलं, तुम्ही तरी म्हणाल, अहो एक आहे, आमच्या घरात आहे. तर तुमचा आवाज आला, आमचं काही मागणं नाही."

तिला मळा नको आहे. सावळारामनेच कसावा, त्यानेच खावा. "पण मी त्या माणसाची लेक होते एवढं कुठल्यातरी कागदावर राहू दे. एकदा तुम्ही नाव बदललंत. एकदा त्यांनी गाळलं. आणि काल तुम्ही लिहून दिलंत, पूर्वीही कधी राहत नव्हती."

चौकशी इंदापूरला, ४ डिसेंबरला. ती काल चावडीवर जाऊन तारीख विचारून आली. माझे लिखाण तोवर टपालात पडले होते. अर्जदार सापडत नाही असे ठरले की अर्ज निकालात, आणि नोंद एकट्या भावाच्या नावाने कायम.

मी म्हणालो, अर्ज करण्यापूर्वी मला विचारायला हवे होतेस. मी परवानगी दिली असती.

म्हणाली, "म्हणूनच नाही विचारलं."

कारण चौथे:

३० नोव्हेंबर

कारण चौथे सुचले नाही.

पहाटे पाचला आपोआप जाग आली. स्वतःला तपासले, यावेळी खरोखर कठोरपणे. दोष आढळला. पण तो बराचसा व्यवस्थेचा आहे. एका व्यक्तीला दोन नावे असली की शिकलेल्या माणसाचाही घोटाळा होतो.

तरी एक गोष्ट लिहून ठेवणे भाग आहे. दोन आठवडे मी जिला लोभी म्हणत होतो, तिच्याच हातचे दोन वेळा जेवत होतो. जेवणाबद्दल माझी तक्रार नव्हती. सरूबाईने मागितले म्हणून ती वाईट झाली आणि सुमतीने मागितले नाही म्हणून ती चांगली राहिली. बाई एकच. फरक फक्त मागण्याचा. हे वाक्य व्याख्यानात चांगले दिसेल. पण मग पुढे कोणी विचारील, तुम्हाला हे कसे कळले?

आप्पासाहेबांना ठाऊक असणार. म्हणूनच दाराकडे बघत होते. सुमती म्हणते, अर्ज महिला मंडळातच लिहिला गेला, अक्षर त्यांच्या सूनबाईचे. गावातल्या किती बायकांना ठाऊक आहे? सकाळी नळावरून जाताना हंडे भरणाऱ्या सगळ्या एकदम गप्प झाल्या. पुढे गेल्यावर हसल्या. बादली सांडली असेल.

मसुद्यात 'सरूबाई-प्रवृत्ती' खोडून सगळीकडे 'सावळाराम-प्रवृत्ती' केले. मग लक्षात आले की सावळारामांनी फक्त विचारले होते. शब्द मी दिला. ती जागा सध्या कोरी ठेवली आहे.

संकल्प: इंदापूरचे प्रकरण मी स्वतः हाती घेणार. स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास, नव्या कायद्याचा हेतू आणि माझी भूमिका असे सविस्तर निवेदन तयार करणार. झालेली चूक तिथे सर्वांसमक्ष भरून काढायची.

२ डिसेंबर, रविवार

सावळाराम आले. पायरीवरच थांबले. "दाजी, तेराव्याला शब्द दिलावता तुमी."

मी म्हणालो, तो शब्द माझा होता, हक्क तिचा होता. वाक्य मला आवडले. त्यांना आवडले नाही. माझ्याकडे बारकाईने बघत म्हणाले, "हे असं फिरवून बोलणं आक्काचं न्हवं. हे तुमचंच." मला वाटते आहे की यांनीच लेकी न्हाईत म्हटले असणार. त्यांना वाटते आहे की अर्जाचे डोके माझे. दोघे एकमेकांकडे संशयाने बघत बसलो. चहा निवला.

सुमती बाहेर आली. "सावळ्या, मी तुझी भन हाय का न्हाय?"

"हायेस की."

"मग कागदावर सांगायला काय होतंय?"

"आक्का, भनीनं वाटा मागितला म्हंजे लोक म्हणत्यात, भाऊबीज संपली."

"मागितला काय मी? कस की तू मळा. एक घमेलंभर माती मागितली का तुला? लेकी न्हाईत म्हणाला कोण, ते सांग आधी."

सावळाराम खाली बघत पुटपुटले, "मी न्हवतो बोललो. पर बोलणाऱ्याला गप बी न्हाय केलं."

ती म्हणाली, "ह्यांनी बी न्हाय."

मी तिथेच होतो. जेवायला थांबा म्हटले. ते थांबले नाहीत.

निवेदन: दोन पाने.

३ डिसेंबर

निवेदन: चार पाने. सुमतीला वाचून दाखवू का, असे विचारले. म्हणाली, दिवा राहू दे, मला उद्याच्या भाकरी करायच्या आहेत.

आरशासमोर दोनदा सराव. आवाज ठीक. हक्क या शब्दावर थोडा थांबावे.

४ डिसेंबर, इंदापूरहून परतल्यावर, संध्याकाळ

सकाळच्या एस.टी.ने गेलो. ती खिडकीशी बसली होती. वाटेत अंथुर्णे आले तेव्हा तिने मान वळवून पाहिले, मग पुन्हा समोर. मी निवेदन मनातल्या मनात म्हणत होतो.

कचेरीत गर्दी बेताची. सावळाराम एका बाजूला, पागोटे मांडीवर घेऊन. चौकशी घेणारे साहेब तरुण होते, पुण्याकडचे वाटले. त्यांनी फाइल उघडली आणि पहिलाच कागद उचलला.

"हे अक्षर कुणाचं?"

माझे, म्हटले.

"'सरूबाई नावाची बाई या घरात राहत नाही.' राहते का नाही?"

राहते.

"'पूर्वीही कधी राहत नव्हती.'"

पूर्वीही राहत होती. बावीस वर्षे.

मागच्या बाकावर कोणीतरी खोकले. तो खोकला नव्हता. मी खिशातून निवेदन काढून म्हणालो, या संदर्भात मला सविस्तर बोलायचे आहे. साहेब म्हणाले, "मास्तर, आधी अर्जदार बोलतील."

कारकून लिहून घेऊ लागला. नाव? "सरूबाई." वडिलांचे? "कुंडलिक." वय, गाव, सगळे तिने सांगितले. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. घरी मी कष्टाने घालवलेले 'हाय' आणि 'न्हाय' तिथे परत आले होते, आणि कोणाला त्यात चूक दिसली नाही.

नवऱ्याचे नाव?

ती थांबली. कारकून वयस्क, भला माणूस. टाक बाजूला ठेवून म्हणाला, "बाई, संकोच असंल तर ऱ्हाऊ द्या. मालक हायत न्हवं, तेच सांगतील." मला बरे वाटले. एवढे तरी काम माझ्याकडे आले. मी उभा राहिलो, घसा साफ केला.

"मानसिंग," ती म्हणाली.

बावीस वर्षांत तिने माझे नाव कधी घेतले नव्हते. मंगळागौरीला नाही, डोहाळजेवणाला नाही. बायका आग्रह करायच्या तेव्हा पदर तोंडाला लावून आत पळायची. आज ना यमक, ना लाजणे. एखाद्या वस्तीचे नाव सांगावे तसे सांगितले.

कारकुनाने लिहिले. विचारले, "हजर हायत का?"

तिने माझ्याकडे वळून पाहिले, खात्री करून घेतल्यासारखे. "हायत. पर त्यांची जरूर न्हाय."

साहेबांनी सावळारामांना विचारले, तुमचे काय म्हणणे? सावळाराम उठले, पागोटे डोक्यावर ठेवले, पुन्हा काढले. म्हणाले, "साहेब, थोरली भन हाय माझी. लावा नाव तिचं." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "दाजींचं तेवढं लावू नका."

"त्यांचं कोण लावतंय?" साहेब म्हणाले. पुढच्या आठवड्यात दोघांच्या नावांची नोंद होईल. तिने सही केली. लहान, गोल अक्षर. सरूबाई. मी ती सही पहिल्यांदाच पाहिली. शाई वाळेपर्यंत ती कागदाकडे बघत होती.

कारकून माझ्याकडे बघून म्हणाला, "बसा मास्तर, झालं काम."

मी तोवर निवेदन हातात धरून उभाच होतो.